आधी अस्तर, मग पोलाद : मध्ययुगीन रीएनॅक्टमेंटविषयी वाचकांचे प्रश्न

युरोपातल्या मध्ययुगाचं रीएनॅक्टमेंट, म्हणजे त्या काळचे कपडे, चिलखतं, शस्त्रं आणि रीतिरिवाज अभ्यासून ते अंगावर वागवण्याचा छंद, याविषयी आलेली निवडक पत्रं या वेळी घेतली आहेत. विचारणा बहुतेक पोलादाची आहे. उत्तरं मात्र बऱ्याचदा कापडाकडे वळली आहेत, आणि त्याला कारण आहे.

प्रश्न : या छंदात उतरायचं आहे. एक चांगली तलवार आणि पत्र्याचं पूर्ण चिलखत एकदमच घ्यावं असं मनात आहे. योग्य होईल का?

उत्तर : आत्ताच नको. आधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा: साल, ठिकाण, आणि तुम्ही जो माणूस उभा करणार आहात त्याची ऐपत. मध्ययुग म्हणजे जवळजवळ हजार वर्षं. १०६६ मध्ये इंग्लंडात हेस्टिंग्जला लढलेल्या नॉर्मन घोडेस्वाराकडे नाकावर पट्टी असलेलं टोकदार शिरस्त्राण, गुडघ्यापर्यंत कड्यांचं चिलखत आणि थेंबाच्या आकाराची लांब ढाल होती. १३६१ मध्ये आजच्या स्वीडनमधल्या गॉटलंड बेटावर विस्बी शहराच्या तटाबाहेर जे पडले, त्यांच्यातल्या काहींच्या अंगावर लोखंडी पट्ट्या आतून रिव्हिट केलेले अंगरखे सापडले. १४७१ मध्ये इंग्लंडात ट्यूक्सबरीला लढणारा श्रीमंत सरदार नखशिखांत पत्र्यात असे, आणि त्याच्याच बाजूचा साधा शिपाई जाड शिवलेल्या डगल्यात. या तीन काळांच्या वस्तू एकाच अंगावर चढवल्या की दिसायला भारदस्त वाटतं, पण तो माणूस कुठल्याच सालातला राहत नाही. नवख्यांच्या हातून सगळ्यांत जास्त पैसा याच चुकीत जातो: आधी वस्तू आवडते, मग साल ठरतं, आणि साल ठरल्यावर निम्मं सामान निरुपयोगी होतं.

साल निवडताना पुरावा कुठल्या काळाचा भरपूर आहे तेही बघा. विस्बीच्या सामूहिक कबरी विसाव्या शतकात खणल्या गेल्या आणि त्यांतून चिलखतं, कड्यांच्या टोप्या, दस्ताने इतके निघाले की चौदाव्या शतकाच्या मध्याची साधनं बनवणारा आजही त्यांच्याकडेच जातो. कपड्यांसाठी ग्रीनलंडमधल्या हेरयोल्फ्सनेसच्या दफनभूमीतले झगे आणि स्वीडनमध्ये १९३६ साली दलदलीत सापडलेल्या बोक्स्टेन माणसाचा जवळजवळ पूर्ण पोशाख आहे. एवढं नेमकं हाताशी असताना कल्पनेवर का विसंबायचं?

घेण्याचा क्रम असा ठेवा: कपडे आणि बूट, मग गॅम्बेसन (अनेक थरांचा जाड शिवलेला अंगरखा), मग शिरस्त्राण आणि दस्ताने, मग उरलेलं चिलखत, आणि शेवटी तलवार. सरावाला तलवार गटातल्या कोणाकडून उसनी मिळते. बूट कोणी उसने देत नाही.

आणखी एक. कुठल्या प्रकारात लढायचं ते आधी ठरवा, कारण साधनं एकमेकांत चालत नाहीत. प्रेक्षकांपुढच्या लढाईत बोथट पोलाद वापरून वार आवरता घेतात. १९६६ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझममध्ये जड वेताच्या तलवारी असतात आणि वार जोरात बसतो. बुहुर्त हा तर पूर्ण जोराने खेळायचा खेळ आहे; तिथली शिरस्त्राणं मुद्दाम जाड पत्र्याची करतात. पहिल्या प्रकारासाठी घेतलेलं दीड मिलिमीटरचं शिरस्त्राण घालून बुहुर्तमध्ये उतरणं धोक्याचं आहे.

प्रश्न : गॅम्बेसन घरी शिवायचं आहे. किती थर, किती कापड? पहिला प्रयत्न फसला: हात वर केला की सगळा अंगरखा कानापर्यंत येतो.

उत्तर : दुसऱ्या तक्रारीपासून सुरू करू, कारण ती जवळजवळ प्रत्येकाची असते. मुंढा खोल कापला गेलाय. आजच्या सैल शर्टाचा मुंढा काखेच्या बराच खाली असतो. जाड कापडात तसा कापला की हात आणि धड एकत्र उचललं जातं. मुंढा काखेला अगदी भिडेल इतका वर हवा, पुढच्या बाजूने छातीकडे थोडा आत कोरलेला, आणि बाहीचा घेर खांद्याशी मोठा. बाहीत काखेखाली साधारण १२ बाय १२ सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा तिरपा बसवा. तो पातळ ठेवा, दोनच थर. कित्येक जण काखेत शिवणच घालत नाहीत, तिथे मोकळं ठेवून बाही वरून बांधतात. हात सुटा राहतो आणि वाराही लागतो. झालेला अंगरखा वाचवायचा असेल तर काखेतली शिवण १५ सेंटिमीटर उसवून हाच तुकडा बसवा. पूर्ण बरा होणार नाही, पण लढता येईल.

आता थर. पंधराव्या शतकातल्या फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या काळची सूचना उपलब्ध आहे: शिपायाच्या डगल्याला कापडाचे ३०, निदान २५ थर आणि वर हरणाचं कातडं. त्यात एक मोलाची गोष्ट सांगितली आहे, की कापड वापरून मऊ झालेलं असावं. ते अगदी खरं आहे. नवं, खळ असलेलं लिनन तीस थरांत फळीसारखं ताठ होतं. जुन्या लिननच्या चादरी मिळाल्या तर सोडू नका.

तीस थर हे वर चिलखत न घालता नुसत्याच वापरायच्या डगल्याचे. कड्यांच्या चिलखताखाली घालायला धडाला ८ ते १० आणि बाह्यांना ४ ते ५ थर पुरतात. मध्यम बांध्याच्या माणसाला मांडीच्या मध्यापर्यंतच्या उंचीसाठी १५० सेंटिमीटर पन्ह्याचं कापड एका थराला अडीच मीटरच्या आसपास लागतं, बाह्या धरून. वरचा आणि आतला थर जाड विणीचा, मधले कसलेही चालतात, पण लिनन, लोकर किंवा सुती. पॉलिस्टरचा भराव घालू नका. तो घाम शोषत नाही, अंगातली उष्णता कोंडतो, आणि शेकोटीची ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतो.

कृती अशी. सगळं कापड आधी गरम पाण्यात धुऊन वाळवा, लिनन आटतं. नंतर मापापेक्षा प्रत्येक कडेला ५ सेंटिमीटर जास्त ठेवून तुकडे बेता, थर एकावर एक लावा, मोठ्या टाक्यांनी टाचून घ्या. मग मधोमध उभी पहिली ओळ घाला आणि तिच्या दोन्ही बाजूंना ४ ते ५ सेंटिमीटरवर पुढच्या ओळी. कडेकडून सुरुवात केली तर मधे फुगवटा जमतो आणि तो कुठेच जात नाही. गोधडीसारखा साधा धावदोरा पुरतो, फक्त दोरा मेणावर ओढलेला लिननचा असावा. सगळ्या ओळी झाल्यावरच मापाप्रमाणे अंतिम कापा, कारण टाके घालताना रुंदी कमी होते. जाड भरावाला दहा सेंटिमीटरही. छातीच्या मापात १० ते १२ सेंटिमीटर सैलपणा ठेवा. कंबरेत मात्र नाही. तिथे अंगाला बसायलाच हवं.

प्रश्न : कड्यांचं चिलखत काखेत आणि कोपरावर सारखं फाटतं. शिवाय तासाभरात खांदे भरून येतात.

उत्तर : फाटतं म्हणजे तुमच्या कड्या नुसत्या टोकाला टोक लावून मिटवलेल्या असणार. मध्ययुगातल्या कड्या रिव्हिटने बंद केलेल्या असत, किंवा एक ओळ रिव्हिटची आणि एक ओळ अखंड कड्यांची. प्रत्येक कडीत चार कड्या, ही वीण दोन्हीकडे तीच. फरक तोंड मिटवण्याचा आहे. नुसत्या मिटवलेल्या कडीचं तोंड ओढ बसली की उघडतं, आणि काखेत सगळ्यांत जास्त ओढ असते. उपाय दोन: काखेत आणि कोपरावर हातभर भाग रिव्हिटच्या कड्यांनी बदला, किंवा काखेत वीण न घालता भोक ठेवा. ॲल्युमिनियमच्या कड्या हलक्या असतात, पण हात आणि कपडे काळे करतात आणि पोलादासारख्या टिकत नाहीत.

खांद्यांचं उत्तर पट्ट्यात आहे. पूर्ण बाह्यांचं गुडघ्यापर्यंतचं चिलखत १० ते १२ किलोंचं असतं. ते चढवल्यावर थोडं पुढे वाका, कमरेशी कड्या मूठभर वर ओढून धरा, आणि तसंच धरून चामडी पट्टा घट्ट आवळा. वर ओढलेला भाग पट्ट्यावर घोळासारखा बसतो आणि बरंचसं वजन कंबरेच्या हाडांवर उतरतं. पट्टा अरुंद नको, ३ सेंटिमीटर तरी हवा. उतरवताना पट्टा सोडा, पुढे पूर्ण वाका, हात जमिनीकडे लोंबू द्या आणि अंग झटका. चिलखत स्वतःच्या वजनाने डोक्यावरून घसरतं. लांब केस असतील तर आधी कापडी टोपी घाला, नाहीतर केस कड्यांत अडकतात.

प्रश्न : मांडीचे पत्रे चालताना खाली सरकतात. पट्टे कितीही घट्ट केले तरी तेच. आता पायाला मुंग्या येतात.

उत्तर : मुंग्या येतात तर पट्टे ताबडतोब सैल करा. मांडीमागचा पट्टा हा पत्रा पायाला लगटून राहावा एवढ्यासाठीच आहे. त्याने वजन उचलायचं नसतं. मांडी वरून खाली निमुळती होत जाते, मग नुसत्या पट्ट्याने पत्रा वर कसा राहील? पायाचं चिलखत वरून टांगायचं असतं, आणि ज्यावर टांगायचं ते कापड आहे.

पंधराव्या शतकातल्या एका इंग्रजी हस्तलिखितात योद्ध्याला पायी लढाईसाठी कसं सजवावं ते क्रमाने दिलं आहे. आत शर्ट नको, भोकं पाडलेला सॅटिनच्या अस्तराचा फस्टियनचा (एका जाड, मजबूत कापडाचा) अंगरखाच घालावा असं ते सांगतं. त्या अंगरख्याला शिवलेले बंद हे क्रॉसबोची (आडव्या धनुष्याची) दोरी वळतात तसल्या बारीक सुताचे, चांभारी मेण लावलेले असावेत. आणि गुडघ्याभोवती पातळ घोंगडीचा तुकडा गुंडाळावा, म्हणजे पत्र्याने कातडी सोलणार नाही. लिहिणाऱ्याला ही सगळी दुखणी माहीत होती हे उघड आहे.

तर करायचं असं. अंगरखा कंबरेत इतका घट्ट शिवा की तो कंबरेच्या हाडांवर टेकेल. वजन त्या हाडांवर येतं, खांद्यावर नाही. त्याच्या खालच्या कडेला, प्रत्येक मांडीच्या समोर आणि बाजूला, भोकांच्या दोन ते तीन जोड्या पाडा. भोकं पंचने कापू नका. टोच्याने धागे बाजूला सारत भोक मोठं करा आणि कडेने लिननच्या दोऱ्याने दाट काजं करतात तसं शिवा. पितळी आयलेट टाळा. ते कापडाचे धागे कापून बसतं आणि ओढ बसल्यावर कापडासकट उपटून येतं.

मांडीच्या पत्र्याच्या वरच्या काठाला चामड्याची जीभ रिव्हिट केलेली असते, तिच्यातही तशाच जोड्या. बंद ४० ते ५० सेंटिमीटर लांब, मेण लावलेल्या लिननच्या सुताचा, टोकांना पितळी टोपणं. चामड्याची वादी वापरू नका: घामाने भिजली की लांबते आणि दुपारपर्यंत पत्रा दोन बोटं खाली आलेला असतो. गाठ अर्ध्या फुलाची, एक टोक ओढताच सुटणारी. गुडघ्यावरची पोलादी वाटी नेमकी बसली की नाही हे उभं राहून ठरवू नका. गुडघा काटकोनात वाकवा. पोलादी वाटीचा मध्य गुडघ्याच्या हाडाच्या वाटीवर आला पाहिजे. तिथून मागे मोजत बंदाची लांबी ठरवा.

चिलखत चढवायचा क्रमही पायांपासूनच आहे. पाऊल, नडगी, गुडघा-मांडी, मग कड्यांचा घागरा, छाती-पाठ, हात, खांदे, दस्ताने, शिरस्त्राण. छाती आधी बांधली तर वाकून नडगीचा बक्कल लावणं जमत नाही. दुसऱ्या माणसाची मदत घ्या. त्या काळीही घेत.

प्रश्न : शिरस्त्राण डोक्यावर फिरतं. हलका फटका बसला तरी डोकं दुखतं. आत स्पंज चिकटवला आहे.

उत्तर : स्पंज पोलादाला चिकटलेला आहे म्हणजे डोकं जवळजवळ पोलादालाच टेकलेलं आहे. मऊ स्पंज फटक्याने पूर्ण दबतो आणि मग थांबवायला काही उरत नाही. जुन्या शिरस्त्राणांतलं अस्तर पोलादापासून सुटं, लोंबतं असे. कडेने चामड्याची पट्टी रिव्हिट करायची, तिला पाकळ्यांच्या आकाराचं शिवलेलं जाड अस्तर टाचायचं, आणि पाकळ्यांची टोकं माथ्यावर दोरीने एकत्र ओढायची. दोरी आवळली-सैल केली की शिरस्त्राण वर-खाली होतं, डोळ्यांची फट नजरेसमोर आणता येते. माथा आणि पोलाद यांत निदान दीड-दोन सेंटिमीटर मोकळी जागा हवी.

विकत घेताना हिशोब करा. डोक्याचा घेर ५७ सेंटिमीटर असेल आणि सगळीकडून दीड सेंटिमीटर अस्तर बसणार असेल, तर आतला घेर ६६-६७ सेंटिमीटर लागेल. स्वतःच्या डोक्याच्या मापाचं शिरस्त्राण घेतलं तर अस्तराला जागाच राहत नाही, आणि बहुधा तुमचं तसंच झालं आहे. फिरणं थांबवायला हनुवटीचा पट्टा चार ठिकाणी जोडलेला हवा: कानांपुढे दोन, मानेमागे दोन. दोनच टोकांचा पट्टा असेल तर शिरस्त्राण पुढे डोळ्यांवर येतं. अस्तर आणि पट्टा दोन्ही सुधारून होईपर्यंत या शिरस्त्राणात लढू नका.

प्रश्न : तलवारीला करवतीसारखे दात पडले आहेत. धार नसलेलीच तलवार आहे, मग काय बिघडतं?

उत्तर : बरंच बिघडतं. दातांचे काठ हातमोज्याला आणि कातडीला कापतात, समोरच्याच्या पात्याला ओरखडे पाडतात, आणि खोल दाताच्या तळातून तडा सुरू होतो. प्रत्येक लढाईनंतर पातं पाहायचंच. कानस पात्याच्या लांबीच्या दिशेने चालवा, आडवी नाही. आडव्या रेघाच पुढे तड्याची सुरुवात होतात. वर आलेला बारीक पत्रा काढा, दाताचे काठ गोल करा, मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने सारखं करा आणि तेल पुसा. दात पूर्ण नाहीसा होईपर्यंत घासायची गरज नाही, त्याने पातं उगाच अरुंद होतं. दाताचा तळ नखाला टोचत असेल तर मात्र तो गोल व्हायलाच हवा. आडवी केसासारखी रेघ दिसली तर ती तलवार लढाईतून कायमची काढा.

दात फार लवकर पडत असतील तर दोन कारणं संभवतात. एक, पातं मऊ आहे. रॉकवेल या कठीणपणाच्या मापाने ५० च्या आसपास पाणी दिलेलं स्प्रिंगचं पोलाद लढाईला चांगलं. त्याहून फार मऊ असेल तर दाते पडतात, फार कडक असेल तर तुटण्याची भीती. दुसरं, तुम्ही जोरात मारत आहात. दोन्ही पात्यांचे काठ काटकोनात भिडले की दात पडणारच, आणि जितका जोर तितका खोल.

बोथट तलवारीचा काठ निदान २ मिलिमीटर जाड आणि कडेने गोल, टोक नाण्यासारखं वाटोळं, एका हाताच्या तलवारीचं वजन १ ते १.४ किलो, तोल परजेपासून १० ते १३ सेंटिमीटरवर. तीन-चार किलोंच्या तलवारी मध्ययुगात लढाईला वापरत ही समजूत चुकीची आहे. दोन्ही हातांची लांब तलवारसुद्धा साधारण दीड किलोची असे. भिंतीवर लावायची स्टेनलेस स्टीलची तलवार कधीही दुसऱ्या तलवारीला लावू नका. ती मुठीजवळ मोडते आणि पातं कुठे उडेल याचा नेम नसतो. पात्याचं शेपूट मुठीतून पॉमेलपर्यंत (मुठीच्या टोकाच्या गोळ्यापर्यंत) एकसंध जाऊन शेवटी ठोकून बसवलेलं आहे का, ते विकणाऱ्याला विचारा. मागे वेल्डिंग केलेली बारीक सळी असेल तर नको.

प्रश्न : प्रेक्षकांपुढे लढताना वार खरा वाटावा आणि कोणाला लागूही नये, हे कसं साधायचं?

उत्तर : वार लांबून मोठा दाखवायचा आणि शेवटच्या वीतभर अंतरात मनगटाने आवरायचा. सरावासाठी माणसाच्या उंचीचा खांब रोवा, त्यावर जाड कापड गुंडाळा. पूर्ण हात फिरवून वार करा, पण पातं कापडाला टेकताना आवाज होता कामा नये. सुरुवातीला अर्ध्या वेगाने. तीसपैकी तीस वार नि:शब्द बसायला लागल्याशिवाय माणसासमोर उभं राहू नका. थकल्यावर पुन्हा तीस करून बघा; अपघात दमलेल्या हाताने होतात.

नियम गटागटाप्रमाणे बदलतात, तरी पुष्कळ ठिकाणी चेहरा, गळा, सांधे आणि जांघ वर्ज्य असतात आणि चेहऱ्याकडे भोसकणं कुठेही चालत नाही. डोक्यावर वार चालतो का, हे मैदानात उतरण्याआधी विचारून घ्या. पूर्व युरोपातल्या काही मेळाव्यांत चालतो, इतर ठिकाणी सक्त मनाई. समोरच्याशी नजरानजर झाल्याशिवाय वार करू नका. ज्याला तुम्ही दिसला नाहीत तो अडवणार कसा? ‘होल्ड’ ही हाक कोणीही देऊ शकतो, आणि ऐकताच जिथे आहात तिथे थांबायचं, एक गुडघा टेकायचा. वार बसला हे मारणाऱ्याने नाही, खाणाऱ्याने ठरवायचं. हा या छंदातला सगळ्यांत जुना आणि सुंदर रिवाज आहे. त्यावर वाद घालणाऱ्याशी पुढे कोणी लढत नाही.

धनुर्धारी असाल तर लढाईतल्या बाणांना रुंद रबरी टोकं आणि धनुष्याची ओढ साधारण ३० पौंडांपर्यंतच. १५४५ साली बुडालेल्या मेरी रोझ जहाजावरची धनुष्यं त्याच्या तिपटीहून जास्त ओढीची होती. ती ताकद लक्ष्यभेदासाठी ठेवा.

प्रश्न : ढालीवर इंग्लंडच्या राजाचे तीन सिंह रंगवले तर चालतील?

उत्तर : नका रंगवू. कुलचिन्ह त्या त्या व्यक्तीचं असतं, आडनावाचं किंवा देशप्रेमाचं नाही. इंग्लंडमध्ये १४८४ पासून कॉलेज ऑफ आर्म्स कुलचिन्हं देण्या-नोंदवण्याचं काम पाहतं, आणि स्कॉटलंडमध्ये लॉर्ड लायन या कुलचिन्हांच्या अधिकाऱ्याचं तर न्यायालयच आहे. स्वतःचं चिन्ह रचण्यात जास्त आनंद आहे. नियम सोपा: पिवळा आणि पांढरा हे धातू, म्हणजे सोनं-चांदी, लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे रंग. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. कारण व्यवहारी आहे, धुळीत दुरून वाचता यावं. जेरुसलेमच्या राज्याची चांदीवर सोन्याची चिन्हं हा मुद्दाम केलेला प्रसिद्ध अपवाद. एक धातू, एक रंग आणि एक ठळक आकृती पुरे. ‘उजवी’ बाजू म्हणजे ढाल धरणाऱ्याची उजवी, बघणाऱ्याची नाही. इथे पुष्कळांचा सिंह उलटा तोंड करून पळताना दिसतो. आणि तुमचं साल १०६६ असेल तर कुलचिन्ह नकोच, पिढीजात चिन्हांची पद्धत बाराव्या शतकात रुजली. तेव्हाच्या ढालींवर वेटोळी, ठिपके, सर्पासारखे प्राणी असत.

प्रश्न : ढालीच्या कडेला लावलेलं कच्चं चामडं सुटतं, आणि ढाल वाकडी झाली.

उत्तर : चामडं रात्रभर भिजवा, ओलं असतानाच ओढून बसवा. काठापासून ६-७ मिलिमीटरवर आणि दर अडीच सेंटिमीटरला भोक पाडून मेणाच्या दोऱ्याने शिवा, चिमटे लावा, आणि दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्या. उन्हात ठेवलं म्हणूनच ढाल वळली. वाळताना कच्चं चामडं जबर आटतं, सावकाश आटलं तर लाकूड टिकतं. फळीची दोन्ही तोंडं कापडाने मढवा. एकाच बाजूला मढवली तरीही ती वाकते.

प्रश्न : चष्मा घालून चालेल? आणि तंबूत काय पाळावं लागतं?

उत्तर : चष्मा तेराव्या शतकाच्या शेवटी इटलीत आला, पण तो नाकावर चिमटून बसणारा, कानावर दांड्या नसलेला. लढताना काँटॅक्ट लेन्स बऱ्या. तंबूत घड्याळ, प्लास्टिक, छापील डबे नजरेआड ठेवा. औषधं आणि पाणी मात्र हाताशीच, त्यावर तडजोड नको. पातेल्यात बटाटा, टोमॅटो, मिरची, मका नाही, ही सगळी अमेरिकेतून नंतर आली. तलवार म्यानातून तंबूत काढायची नाही, आणि दुसऱ्याच्या पात्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही; बोटांचे ठसे गंजतात. गरम दिवसात दर विसाव्याला शिरस्त्राण काढा, पाणी मीठ घालून घोट घोट प्या. जाड अस्तरात अंग कधी तापलं ते कळत नाही. बोलणं अडखळायला लागलं किंवा घाम थांबला तर चिलखत उतरवून गार पाण्याच्या घड्या ठेवा आणि डॉक्टर बोलवा.

प्रश्न : चिलखत घातलेल्या सरदाराला घोड्यावर बसवायला यारी लागत असे, हे खरं?

उत्तर : नाही. लढाईचं पत्र्याचं चिलखत २० ते २५ किलोंचं आणि सगळ्या अंगावर वाटलेलं. फ्रान्सचा सेनापती बूसिको शिरस्त्राण सोडून बाकी सगळं अंगावर असताना कोलांटी मारे, असं त्याच्या काळच्या चरित्रात आहे. भाल्यांच्या द्वंद्वाची खास चिलखतं जड असत, पण ती चालण्यासाठी नव्हतीच.

प्रश्न : पावसाळी मेळाव्यानंतर दोन दिवसांत सगळं तांबूस झालं. काय करू?

उत्तर : दोन दिवस वाट पाहिलीत तिथेच चुकलं. घाम खारट असतो, तो पावसापेक्षा वाईट. त्याच संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसा, मग तेलाच्या. आताचा गंज पत्र्यावरून बारीक स्टील वुल आणि तेलाने निघेल. कड्यांच्या चिलखताला जुना उपाय अजूनही सगळ्यांत चांगला: झाकणाच्या पिंपात कोरडी वाळू आणि चिलखत घाला, अर्धा तास गडगडवा, झटका, मग तेलाच्या फडक्यात चोळा. व्हिनेगरमध्ये बुडवायचा मोह टाळा. पाणी दिलेल्या पोलादाला आम्ल ठिसूळ करू शकतं. तेल खनिज वापरा. जवसाचं किंवा स्वयंपाकाचं तेल काही आठवड्यांत चिकट पापुद्रा धरतं आणि त्याखाली गंज चालूच राहतो. साठवणीत वर मेणाचा पातळ हात द्या.

चामडी पिशवीत किंवा म्यानात तलवार ठेवून देऊ नका, चामडं दमट राहतं. आणि पत्र्याच्या मागचे पट्टे, शिरस्त्राणाचं अस्तर वेगळं काढून वाळवा. शिरस्त्राणातला गंज बहुतेक वेळा आतून, ओल्या अस्तराच्या मागून सुरू होतो, आणि बाहेर दिसेपर्यंत रिव्हिट सैल झालेले असतात.